नवा पंप बसवला आणि कार्ब्युरेटर ओसंडू लागला

प्रश्न : माझ्याकडे वडिलांनी घेतलेली १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. गेल्या महिन्यात इंजिनावरच्या जुन्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) फाटला, म्हणून बाजारात मिळालेला नवा पंप बसवला. तेव्हापासून पेट्रोलचा वास येतो, प्लग काळे पडतात आणि गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी सुरू करायला गेले की ते लवकर सुरू होत नाही. मेकॅनिक म्हणतात, पंपाची स्प्रिंग थोडी कापू. कापावी का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : स्प्रिंग कृपया कापू नका. या पंपात इंजिनाने हलणारा लिव्हर डायफ्रॅमला फक्त खाली ओढतो. पेट्रोल वर ढकलण्याचे काम स्प्रिंगच करते, त्यामुळे दाब किती राहणार हे मुख्यतः स्प्रिंगच्या ताकदीवर आणि डायफ्रॅम किती खाली येतो यावर ठरते, इंजिनाच्या वेगावर नव्हे. कार्ब्युरेटरमधली नीडल (पेट्रोल आत येण्याची वाट उघडणारी-मिटणारी सुई) बंद झाली की डायफ्रॅम खालीच थांबतो आणि लिव्हर नुसता हलत राहतो. कापलेल्या स्प्रिंगचा दाब किती कमी होईल हे कोणालाच आधी सांगता येत नाही, आणि चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर पेट्रोल कमी पडू लागले की तो तुकडा परत जोडताही येत नाही.

आधी दाब मोजा. इंजिन थंड असताना कार्ब्युरेटरच्या तोंडाशी टी-जोड लावून ० ते १० पीएसआयचा (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचे एकक) गेज बसवा, जवळ अग्निशामक ठेवा आणि मगच इंजिन सुरू करा. सोलेक्स बनावटीच्या साध्या कार्ब्युरेटरला २ ते ३ पीएसआय पुरेसे असतात. काटा ४ च्या वर जात असेल तर तुमच्या तक्रारीचे मूळ बहुधा तिथेच आहे. काटा थोडा थरथरणे स्वाभाविक आहे, कारण पंप ठोक्याठोक्याने पेट्रोल देतो.

हा फरक किरकोळ का नाही, ते हिशेबाने पाहू. नीडलच्या बैठकीचे छिद्र दीड मिलिमीटर व्यासाचे धरले, तर ३ पीएसआयला नीडलवर सुमारे पावणेचार ग्रॅमचा जोर येतो आणि ६ पीएसआयला साडेसात ग्रॅमचा. तेवढा जोर परतवण्यासाठी फ्लोटला, म्हणजे नीडल बंद करणाऱ्या तरंगत्या डबीला, पेट्रोलमध्ये अधिक बुडावे लागते. म्हणजेच फ्लोटच्या भांड्यातील पातळी वर चढते, मिश्रणात पेट्रोल जास्त होते, आणि इंजिन बंद केल्यावर तापलेल्या भांड्यातले पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये (मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळीत) उतरते. तुम्हाला नेमका हाच त्रास होतो आहे.

दाब जास्त निघाला, तर जुना पंप काढताना त्याच्याखालचा जाड इन्सुलेटर फेकून तर दिला नाही ना, हे आधी पाहा. तो ब्लॉकची उष्णता पंपापासून अडवतो, शिवाय लिव्हर किती दाबला जातो हेही त्याच्याच जाडीवर ठरते. इन्सुलेटर जागेवर असूनही दाब अधिकच असेल, तर कागदी पॅकिंग एकेक करून वाढवावे आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजावे, कारण पॅकिंग फार वाढले तर डायफ्रॅमची हालचाल अपुरी पडून पेट्रोलच कमी येईल. एवढे करूनही ४ च्या खाली येत नसेल, तर तो पंप या गाडीचा नाही असे समजावे. तो बदलावा किंवा पंप आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये दाब-नियंत्रक बसवावा.

दाब योग्य निघाला, तर मात्र पंपाला दोष देऊ नका. नीडलच्या बैठकीत कचरा अडकला आहे का, टोक झिजले आहे का, फ्लोट हलवल्यावर आत पेट्रोल खळखळते का, हे तपासा. सोलेक्समध्ये पातळी नीडल व्हॉल्व्हखालच्या वॉशरच्या जाडीने ठरते. वॉशर जाड घेतली तर पातळी खाली येते.

तुमचा जुना डायफ्रॅम फाटला होता, म्हणून एक गोष्ट आजच करा : डिपस्टिक काढून ऑइलचा वास घ्या. फाटक्या डायफ्रॅममधून पेट्रोल खाली इंजिनाच्या ऑइल-चेंबरमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि बेअरिंग खराब होतात. वास येत असेल किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली असेल, तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

प्रश्न : याऐवजी इलेक्ट्रिक पंपच बसवला तर?
– तेच वाचक

उत्तर : इंजेक्शनच्या गाड्यांचा पंप तर मुळीच नको, तो ३ बार, म्हणजे ४० पीएसआयहून अधिक दाब देऊ शकतो, आणि त्यापुढे ही नीडल टिकणार नाही. कमी दाबाचा पंप मिळतो, पण त्याला नियंत्रक आणि इंजिन थांबताच वीज तोडणारा स्विच लागतो. तुमचा साधा पंप इंजिनाबरोबर आपोआप थांबतो, अपघातातसुद्धा, म्हणून मी तोच ठेवीन. पाइप मात्र इथेनॉलमिश्रित पेट्रोल सोसणारेच घ्या. जुने रबर त्यात फुगून मऊ पडते.