भिस्त आणि देवावरचा हवाला

सोलापूरच्या एका ताईंनी विचारलंय: वाटणीच्या वेळी सख्ख्या भावानं शब्द फिरवला, तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, "माणसावर भिस्त ठेवू नकोस बाई, देवावर हवाला टाक." हा हवाला म्हणजे पैशांचाच हवाला का? आणि 'हवालदिल' त्यातूनच आला का?

हवाला तोच. मूळ शब्द अरबी. एकाचं देणं दुसऱ्याच्या अंगावर वळवणं, हा त्याचा व्यापारातला अर्थ. 'हवाली करणे', 'हवालदार', 'सूत्रांच्या हवाल्याने' ही सगळी त्याचीच भावंडं.

आजींनी दोन्ही शब्द अचूक वापरले. भिस्त कशावरही असते: पावसावर, पगारावर, भावावर. समोरचा 'कामापुरता मामा' म्हणणारा निघाला की ती कोसळते. हवाला टाकायचा तो मात्र देवावर. 'भावावर हवाला टाकला' असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही.

पण म्हणून त्याचा अर्थ 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' असा लावू नका. हा गैरसमज मला फार खुपतो. तुमच्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा घ्या. दुष्काळात माणसं अन्नावाचून तडफडू लागली, तेव्हा बहामनी राज्याच्या या अंमलदारानं सरकारी कोठारं उघडली. जळणाऱ्यांनी बेदरला (बीदरला), बहामनींच्या राजधानीत, चुगली केली. पंतांना धरून न्यायला शिपाई आले. पंत वाटेत असतानाच विठोबा विठू महाराच्या रूपानं दरबारात हजर झाला, धान्याचे पैसे मोजून दिले आणि रीतसर पावती घेतली. एकाचं देणं दुसऱ्यानं फेडलं, तेही पावतीसकट! व्यापारातला हवाला आणि भक्तीतला हवाला या कथेत एकरूप होतात. मात्र कोठारांची कुलपं पंतांनी स्वतः काढली होती, हे विसरू नका. हवाला टाकला तो त्यानंतरच्या हिशेबाचा. तेव्हा ताई, तलाठ्याकडे जा, वकिलाला कागद दाखवा. आजींच्या वाक्यात त्याला कुठेच मनाई नाही. भाऊ उद्या कसा वागेल, हा घोर तेवढा पांडुरंगाच्या नावे करा.

'हवालदिल' मात्र या घरातला नव्हे. 'हौल' म्हणजे भीती, 'दिल' म्हणजे काळीज. 'हौलदिल'चं मराठी तोंडी 'हवालदिल' झालं, आणि हवाल्याशी त्याचं साम्य उरलं ते केवळ उच्चारापुरतं.