हाल जॉर्डन बिघडला की बिघडवला?

प्रश्न: दादा नमस्कार, मी बारावीला आहे, अशोक चौकाजवळ राहतो. ग्रीन लँटर्न कॉमिक वाचायला आत्ताच लागलोय. हाल जॉर्डन एवढा भारी हिरो आणि 1994 मधे तोच उलटतो, सगळ्या जुन्या दोस्तांना त्याच्याशी लढावं लागतं. मग नंतर सांगतात की त्याच्या अंगात दुसरंच काहीतरी होतं. माझा मित्र म्हणतो ही सरळ चीटिंग आहे, खरंय का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर: मित्राचं बरंचसं बरोबर आहे बघ. ग्रीन लँटर्न म्हणजे जादूसारखी हिरवी अंगठी घालून अवकाशाची राखण करणारे पोलीस, हाल त्यातला पृथ्वीचा. हाल उलटतो ते अंक 48 ते 50, पण त्याच्या आधी काय झालं ते विसरू नको, हाल पृथ्वीवर नसताना मोंगल आणि सायबॉर्ग सुपरमॅन हे दोन व्हिलन मिळून त्याचं गाव कोस्ट सिटी उडवतात, 70 लाख माणसं जातात. आता तूच विचार कर, तू चार दिवस बाहेरगावी गेलास आणि परत आलास तर सिद्धेश्वरचं तळं नाही, नवी पेठ नाही, घर नाही, आई नाही, नुसता खड्डा. तुझ्या बोटात मनात येईल ते बनवणारी अंगठी असती तर तू काय केलं असतंस? हाल तेच करतो, हिरव्या उजेडाचं अख्खं गाव परत उभं करतो, आईशी बोलतो, लहानपणीच विमान अपघातात गेलेल्या वडलांशी बोलतो, आणि बोलता बोलता अंगठीचं चार्जिंग संपतं न सगळं विरून जातं. मी हे पान सिद्धेश्वर एक्सप्रेसमधे वरच्या बर्थवर मोबाईलवर वाचलं होतं, कुर्डुवाडी मागं पडली तरी पुढचं पान उलटवलं नव्हतं.

आणि त्याच वेळी गार्डियन, म्हणजे अंगठ्या देणारे लँटर्नांचे साहेब, त्याला काय म्हणतात तर स्वतःसाठी अंगठी वापरलीस, नियम मोडलास, हजर हो. तिथं त्याचं डोकं फिरतं. ओआला, म्हणजे गार्डियनांच्या ग्रहावर, जाताना वाटेत जे लँटर्न आडवे येतात त्यांच्या अंगठ्या काढून तो स्वतःच्या बोटांत घालत जातो, ही सगळी त्याच्या बरोबर लढलेली माणसं हं. किलोवॉगनं नव्या पोरांना शिकवलं आयुष्यभर, त्यालाही मारतो. शेवटी सगळ्या अंगठ्यांना ताकद देणाऱ्या मोठ्या बॅटरीची सगळी ताकद पिऊन टाकतो, पॅरालॅक्स नावाचा व्हिलन होतो.

त्याच वर्षी झीरो अवर या कॉमिकमधे तो काळच पुसून नवीन जग बनवायला निघतो, आणि शेवटी त्याच्या छातीत बाण कोण मारतं तर ऑलिव्हर क्वीन, म्हणजे ग्रीन ॲरो, त्याचा जिवलग. परक्या व्हिलनला मारताना असं पोटात तुटत नाही.

2004 ला लेखक जेफ जॉन्सनं रीबर्थ हे ग्रीन लँटर्नचं कॉमिक लिहिलं, त्यात पॅरालॅक्स म्हणजे भीतीचा पिवळा किडा, बॅटरीत कोंडलेला, तो हालच्या मनात शिरला असं ठरवलं. पिवळ्या रंगापुढं अंगठी का चालत नाही, हालच्या कानशिलांवरचे केस पांढरे का झाले, सगळं त्यात बसवलं, डोकं लावलंय मान्य. पण माझं मत विचारशील तर दुःख त्याचं होतं तर चूकही त्याचीच राहायला हवी होती. 1996 मधे विझत चाललेला सूर्य पेटवताना तो जीव देतो ना, ते प्रायश्चित्त खरं वाटायचं, किड्यानं केलं म्हटल्यावर प्रायश्चित्त कशाचं?

प्रश्न: एक्स-मेन या सुपरहिरो टोळीतल्या जीन ग्रेचंही असंच झालं ना?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: अगदी तसंच की. 1980 मधे फीनिक्स या अफाट अवकाशी शक्तीपायी बिघडून डार्क फीनिक्स झाल्यावर ती एक तारा गिळते, त्याच्या ग्रहावरचे 5 अब्ज जीव मरतात. लेखकांना तिला नुसती शक्ती काढून जिवंत ठेवायची होती, संपादक जिम शूटर म्हणाले एवढे जीव घेतल्यावर शिक्षा झालीच पाहिजे, म्हणून अंक 137 मधे ती चंद्रावर स्वतःला संपवते. मला शूटर यांचं पटतं. पण 1986 ला तिथंही तेच केलं, खरी जीन म्हणे न्यूयॉर्कजवळ पाण्याच्या तळाशी कोशात झोपली होती, फीनिक्सनं फक्त तिचं रूप घेतलं होतं. तू 137 आधी वाच, 1986 चं मग निवांत कधीतरी.