वीज आपली, छप्पर आपलं, मग विमानांची माहिती कंपनीला फुकट का द्यायची?

तुम्ही विचारलंय की फ्लाइट ट्रॅकिंगवाल्यांचा, म्हणजे उडती विमानं नकाशावर दाखवणाऱ्या कंपन्यांचा, रिसीव्हर लोक आपल्या घरी का बसवून घेतात. वीज आपली, इंटरनेट आपलं, गच्ची आपली, आणि सबस्क्रिप्शन विकून पैसे कमावणार कंपनी. ज्यांनी बसवलाय त्यांनी खरं काय ते सांगावं, असंही लिहिलंय.

मी बसवलाय. जर्मनीत माइन्झला राहते, फ्रँकफर्ट विमानतळापासून पंचवीसेक किलोमीटरवर. माळ्यावर सात वर्षं रिसीव्हर चालू आहे. तुम्हाला जे खटकलंय ते मलाही खटकलं होतं आणि ते खटकायलाच हवं. तरी मी तो बंद केलेला नाही.

आधी थोडं तंत्र, कारण उत्तर त्यातच आहे. आजची बहुतेक प्रवासी विमानं स्वतःची जागा स्वतःच सांगत असतात. जीपीएसवरून काढलेलं ठिकाण, उंची, वेग आणि विमानाचा ओळखक्रमांक १०९० मेगाहर्ट्झवर सतत प्रसारित होत असतो. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात. ठिकाण तर सेकंदाला साधारण दोनदा. एक संदेश फक्त ११२ बिटांचा, आणि त्याला कुलूप नाही. ज्याच्याकडे अँटेना आहे त्याला तो ऐकू येतो. पहिल्या रात्री लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर आकडे-अक्षरांच्या ओळी भराभर सरकायला लागल्या, बऱ्याच ओळींची सुरुवात ८डी अशी. मध्येच एका ओळीत ८डीच्या लगेच पुढे ८० आलं. ८० पासून सुरू होणारे क्रमांक भारतात नोंदलेल्या विमानांचे. दिल्लीहून येणारं एअर इंडियाचं विमान होतं ते, आणि मी नुसतीच त्या ओळीकडे बघत बसले होते.

आता अडचण अशी की ही लहर सरळ रेषेत जाते आणि पृथ्वी गोल आहे. ११ किलोमीटर उंचीवरचं विमान माझ्या अँटेनाला ४०० किलोमीटरच्या पलीकडूनही ऐकू येऊ शकतं. तेच विमान ३०० मीटरवर उतरलं की मोकळ्या मैदानातही जेमतेम ८५ किलोमीटर. मध्ये डोंगर आला तर तेवढंही नाही. माझ्या उत्तरेला टाउनसचे डोंगर आहेत, त्यामुळे त्या बाजूचं खालचं आकाश मला दिसतच नाही.

म्हणून उंचावरून जाणाऱ्या विमानांच्या बाबतीत माझ्या रिसीव्हरचा उपयोग शून्य आहे, हे मी स्पष्ट सांगते. ते विमान त्याच क्षणी शेकडो घरांना ऐकू येत असतं. माझं घर उपयोगी पडतं ते खालच्या आकाशासाठी. इथल्या विद्यापीठ रुग्णालयातून ‘क्रिस्टोफ ७७’ नावाचं बचाव हेलिकॉप्टर उडतं. ते पश्चिमेला हुन्सरुकच्या खेड्यांकडे निघालं की झाडांच्या शेंड्यांपासून फार वर नसतं. तेव्हा त्याचे संदेश ऐकणारे रिसीव्हर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरतात, आणि एखाद-दुसऱ्या वळणावर तर फक्त माझाच. फिन्थनच्या छोट्या धावपट्टीवरच्या विमानांचंही तसंच.

खालचं आकाश इतकं का महत्त्वाचं, हे मला नीट कळलं ते अहमदाबादच्या वेळी. १२ जून २०२५ ला एअर इंडियाचं १७१ पडलं, उड्डाण केल्या केल्या. नकाशावर त्या विमानाची जास्तीत जास्त उंची दिसली ६२५ फूट, तीही समुद्रसपाटीपासून. विमानतळाचीच उंची २०० फुटांच्या आसपास आहे. सुरुवातीला जो माग प्रसिद्ध झाला तो धावपट्टीच्या मधल्या भागापासून सुरू होत होता. झालं. ‘पायलटनं अर्धीच धावपट्टी घेतली’ हे व्हॉट्सअपवरून घरोघर पोचलं. माझ्या आत्याकडे साताऱ्याला पोचलं, माझ्याकडे इथे पोचलं. नंतर तो माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ या फ्लाइट ट्रॅकिंग कंपनीनंच आणखी बारकाईनं माहिती तपासून सांगितलं की विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत मागे गेलं होतं आणि उड्डाणाला पूर्ण लांबी वापरली होती. जुलैमध्ये आलेल्या तपास यंत्रणेच्या प्राथमिक अहवालातही विमान मागे जाऊन धावपट्टीवर उभं राहिल्याचं आहे. पण जी माणसं स्वतःची बाजू मांडायला उरली नव्हती, त्यांच्या नावावर तोवर एक खोटी चूक लागून गेली होती. नकाशावर रेघ नाही याचा अर्थ विमान तिथे नव्हतं असा होत नाही; तिथले संदेश पहिल्या नकाशापर्यंत आले नाहीत, एवढाच होतो. ही गोष्ट मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगते. धावपट्टीवरचं विमान ऐकू यायला रिसीव्हर अगदी जवळ लागतो, काही किलोमीटरच्या आत, आणि मध्ये इमारत नको.

उलट उदाहरणही आहे. २४ मार्च २०१५ ला बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला निघालेलं जर्मनविंग्जचं विमान फ्रान्सच्या आल्प्समध्ये कोसळलं, १५० माणसं गेली. विमानानं पाठवलेल्या संदेशांत ऑटोपायलटला कोणती उंची दिलीय हेही असतं. जमवलेल्या कच्च्या संदेशांत दिसलं की ती ३८,००० फुटांवरून एकदम ९६ वर आली. ९६ का? कॉकपिटमध्ये १०० लावले होते, पण संदेशात ही उंची १६-१६ फुटांच्या पायऱ्यांनी जाते, म्हणून ९६. विमान बिघाडानं खाली आलेलं नाही, कुणीतरी ते खाली आणलंय, याचा हा पुरावा स्वयंसेवकांच्या घरांतून जमलेल्या माहितीत सापडला. तपासातही शेवटी तेच निघालं.

आता कंपनीचा मुद्दा. फ्लाइटरडार२४ सुरू केलं ते विमानांचं वेड असलेल्या दोन स्वीडिश माणसांनी, २००६ मध्ये. २००९ पासून त्यांनी कुणालाही आपल्या रिसीव्हरची माहिती पाठवायची सोय दिली आणि जाळं वाढलं. आज ते ५०,००० हून जास्त रिसीव्हर असल्याचं सांगतात. माहिती पाठवणाऱ्याला त्यांचं सगळ्यांत महागडं सबस्क्रिप्शन फुकट मिळतं, आणि जिथे त्यांना रिसीव्हर हवाय तिथे ते अर्ज बघून यंत्रही पाठवतात. व्यवहार म्हणून यात फसवणूक काही नाही. पण सगळ्यांनी मिळून गोळा केलेला कच्चा माल त्यांच्याकडे बंद राहतो, आणि काही विमानं मालकांच्या विनंतीवरून नकाशावर झाकली जातात.

मला जास्त लागलं ते दुसऱ्या एका जाळ्याचं. एडीएस-बी एक्स्चेंज २०१६ पासून चालू होतं, काहीही न झाकता सगळं दाखवायचं. लोकांनी ते आपलं मानलं होतं, मीही. जानेवारी २०२३ मध्ये ते जेटनेट नावाच्या कंपनीला विकलं गेलं. ज्यांच्या छपरांवर ते उभं होतं त्यांना कुणी विचारलं नाही. कायद्यानं विचारायची गरज नसेलही, पण विश्वास म्हणून काही असतो की नाही? बऱ्याच जणांनी त्याच आठवड्यात माहिती पाठवणं थांबवलं. मीही थांबवलं. एडीएसबी डॉट लोल, एडीएसबी डॉट एफआय, एअरप्लेन्स डॉट लाइव्ह अशी नवी जाळी पुढे आली.

यातून मी जे शिकले तेच माझं तुम्हाला उत्तर आहे. रिसीव्हर बसवा, पण एकाच दारात माहिती टाकू नका. एकच यंत्र एकाच वेळी पाच ठिकाणी पाठवू शकतं, त्याला वेगळी वीज लागत नाही. कंपनीला द्या, सबस्क्रिप्शन घ्या, त्यात संकोच नको. त्याच वेळी एका तरी खुल्या जाळ्याला द्याच. माझी पहिली निवड ओपनस्काय नेटवर्क. २०१२ मध्ये माझ्याच राज्यातलं कायझर्सलाउटर्न विद्यापीठ, ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि स्वित्झर्लंडच्या संरक्षण खात्याची खरेदी संस्था यांनी मिळून ते संशोधनासाठी सुरू केलं, आणि आता ते स्वित्झर्लंडमधली ना-नफा संस्था म्हणून चालतं. अभ्यासकांना तिथे जुने कच्चे संदेशसुद्धा मिळतात. कोविडच्या काळात त्यांनी उड्डाणांच्या याद्या सगळ्यांना खुल्या केल्या होत्या. आणखी एक उपयोग बघा: विमान आपल्या जीपीएसच्या अचूकतेची पातळीही पाठवतं. ती एकाच भागात बऱ्याच विमानांची घसरली की तिथे कुणीतरी जीपीएस जाम करतंय हे कळतं. बाल्टिक समुद्राच्या बाजूला हे वारंवार दिसतं, आणि दिसतं ते लोकांच्या छपरांमुळे.

खर्चाचं थोडक्यात. रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक, त्याच्या यूएसबीला लावायचा, रेडिओ लहरी पकडणारा आरटीएल-एसडीआर डोंगल, अँटेना, केबल. डोंगल मुळात टीव्ही बघण्यासाठी बनवलेला. तो बाकीचा रेडिओही ऐकू शकतो हे २०१२ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं आणि हा छंद परवडण्यासारखा झाला. सगळं मिळून चारेक वॅट लागतात, म्हणजे वर्षाला ३५ युनिटच्या आसपास. अँटेना मी घरीच केली: तांब्याच्या पाच तारा, प्रत्येकी ६.९ सेंटीमीटर, एक उभी आणि चार खाली वाकवलेल्या. चहाच्या कपात उभी राहील एवढीशी.

पैसे वाचवायचे असतील तर वाचवा, केबलच्या लांबीवर मात्र तडजोड नको. सुरुवातीला माझा रास्पबेरी पाय खाली हॉलमध्ये होता आणि माळ्यावरच्या अँटेनापासून १५ मीटर केबल. संध्याकाळच्या वेळेला नव्वदेक विमानं दिसायची. तो उचलून माळ्यावर अँटेनाखाली ठेवला, केबल दोन मीटरवर आली, आणि त्याच वेळेला दीडशेच्या वर दिसायला लागली. या फ्रिक्वेन्सीला सिग्नल केबलमध्येच जिरतो. जवळ मोबाइलचा टॉवर असेल तर फिल्टर लावा. मेमरी कार्ड चांगलं घ्या. माझं एक कार्ड मी भारतात असताना गेलं आणि तीन आठवडे रिसीव्हर मुका होता.

घराचं ठिकाण अचूक द्यावं लागतं, कारण काही विमानं जागा सांगतच नाहीत आणि त्यांची जागा चार-पाच रिसीव्हरना संदेश किती फरकानं पोचला त्यावरून काढतात. ते ठिकाण सार्वजनिक नकाशावर ढोबळ दाखवायची सोय बहुतेक ठिकाणी असते, ती आठवणीनं वापरा. पायलटचं बोलणं ऐकणं हा वेगळा विषय आहे, जर्मनीत ते ऐकायला कायद्यानं मनाई आहे. भारतातून विचारत असाल तर बिनतारी यंत्र बाळगण्याचे तिथले नियम यंत्र मागवण्याआधी वाचा, आणि लोहगावसारख्या हवाई दलाच्या तळाजवळ घर असेल तर दुप्पट काळजी घ्या.

ठरवण्याआधी एक करा. आठवडाभर रोज नकाशा उघडा आणि तुमच्या जवळच्या विमानतळावर उतरणारी विमानं शेवटपर्यंत बघा. प्रत्येक विमान धावपट्टीवर थांबेपर्यंत दिसत असेल, तर तुमच्याकडे कुणीतरी आधीच माळ्यावर अँटेना लावलेली आहे. दोन-तीन हजार फुटांवर येऊन ते गायब होत असेल, तर ती जागा अजून रिकामी आहे.