सीटबेल्टच्या सक्तीमुळे चालक बेफिकीर होतात आणि त्याचा फटका पादचाऱ्यांना बसतो, हे खरं आहे का?

शंका रास्त आहे, पण सीटबेल्टपुरतं माझं उत्तर 'फारसं नाही' असं आहे.

हा वाद गाजवला तो शिकागोचे अर्थतज्ज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी, १९७५ साली. गाडी सुरक्षित झाली की चालक जास्त जोखीम घेतो, आतले वाचतात आणि बाहेरचे मरतात, असा त्यांचा दावा. माणूस असं वागतो, हे खोटं नाही. म्युनिकमध्ये एका कंपनीच्या काही टॅक्सींना एबीएस ब्रेक (जोरात दाबले तरी चाकं जाम होऊ न देणारे) बसवले, काहींना नाही. अपघात जवळपास सारखेच झाले, कारण एबीएसवाले वळणं जोरात घेऊ लागले. पण ब्रेकमधला फरक पायाला कळतो. सीटबेल्टचा खटका लागला की दोन मिनिटांत तो विसरला जातो. पावसात माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून आपोआप उचलला जातो. पट्टा लावलाय म्हणून तो कधी जास्त दाबला गेला असेल, असं वाटत नाही.

ब्रिटनमध्ये जानेवारी १९८३ अखेर पुढच्या सीटवर सक्ती आली. चालकांचे मृत्यू चांगलेच घटले, पण पादचारी, सायकलस्वार आणि मागे बसणारे यांचे मृत्यू वाढल्याचं एका सांख्यिकी अभ्यासात दिसलं. विरोधक त्याकडेच बोट दाखवतात. (मागच्या सीटचं मला नवल वाटत नाही. पट्टा नको म्हणून काहीजण मागेच जाऊन बसले असतील!) अमेरिकेत मात्र राज्याराज्यांत कायदा वेगवेगळ्या वर्षी आला, त्यामुळे तुलना जास्त नीट करता येते. कोहेन आणि ऐनाव या अर्थतज्ज्ञांनी २००३ मध्ये ती केली, तेव्हा गाडीबाहेरच्यांचे मृत्यू वाढल्याचा पुरावा सापडला नाही.

मग कायद्याचा फायदा अपेक्षेपेक्षा कमी का दिसतो? पट्ट्यामुळे पुढे बसलेल्याचा मृत्यूचा धोका साधारण ४५ टक्क्यांनी कमी होतो, पण सक्तीनंतर एकूण मृत्यू तेवढे घटत नाहीत. त्यासाठी चालक बेफिकीर झाला, असं मानायची गरजच नाही. जपून चालवणारे कायद्याआधीच पट्टा लावत असतात. पिऊन भरधाव हाकणारा सगळ्यात शेवटी लावतो, नाहीतर पोलीस दिसला की नुसता छातीवर ओढून धरतो. जिथे अपघात होण्याची शक्यता जास्त, नेमका तिथेच पट्टा लागलेला नसतो.

राहिला पादचारी. ताशी ५० ऐवजी ६० किलोमीटर वेग असला की धडकेची ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते, आतल्याने पट्टा लावलेला असो वा नसो. पादचाऱ्याला वाचवायचं तर वेगावर लगाम हवा; सीटबेल्टची सक्ती उठवून त्याच्या पदरात काहीच पडत नाही.