वजन, वस्तुमान आणि जड जाणारा झोपाळा

प्रश्न असा आलाय. सातवीतल्या मुलाने विज्ञानाच्या पेपरात ‘माझे वजन ३२ किलो आहे’ असं लिहिलं आणि बाईंनी अर्धा गुण कापला. शेजारी लाल शाईत शेरा: ‘किलोग्रॅममध्ये वस्तुमान, वजन न्यूटनमध्ये.’ आईचं म्हणणं, साखरेच्या पुड्यावर ‘निव्वळ वजन १ किलो’ छापलेलं असतं, दवाखान्यात काट्यावर उभं केलं की सिस्टर किलोच सांगतात, मग चुकतंय कोण? शिवाय ‘वस्तुमान’ हा शब्द आला कुठून, आणि ‘वजन’ मुळात मराठी तरी आहे का?

शेवटचं आधी उरकून टाकतो. ‘वजन’ अरबी आहे, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलं. मूळ धातूचा अर्थ तोलणे. तराजूला अरबीत ‘मीझान’ म्हणतात, तेही त्याच घरातलं. पण येऊन इतकी शतकं झाली की त्याला आता परकं कोण म्हणणार? गझल लिहिणारी मंडळी वृत्तालाही ‘वजन’च म्हणतात, आणि आपल्या वृत्तांतही लघु-गुरू, म्हणजे हलकं-जडच. कविता तोलायची खोड दोन्हीकडे एकच.

‘वस्तुमान’ मात्र पाठ्यपुस्तकात घडवलेला शब्द. वस्तु अधिक मान. हे ‘मान’ संस्कृत ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूचं: तापमान, पर्जन्यमान, आयुर्मान, जीवनमान. ‘माप’सुद्धा त्याचाच भाऊबंद. अडचण अशी की मराठी कानाला आणखी तीन ‘मान’ ठाऊक असतात. एक खांद्यांच्या वरची, दुसरा लग्नात व्याह्यांना द्यावा लागतो तो, आणि तिसरा ‘बुद्धिमान’, ‘गतिमान’, ‘शक्तिमान’मधला प्रत्यय, म्हणजे ‘ते जवळ असलेला’. हा प्रत्यय इकारान्त-उकारान्त शब्दांना लागतो, आणि ‘वस्तु’ नेमका उकारान्त! त्यामुळे व्याकरण जाणणाऱ्यालाही ‘वस्तुमान’ म्हणजे ‘ज्याच्याकडे वस्तू आहेत असा’, थोडक्यात सुखवस्तू गृहस्थ, असं वाटलं तर त्याला दोष देता येणार नाही. आमच्या वर्गात तर एकाने ‘वस्तूला मिळणारा मान’ असा अर्थ सांगितला होता. बाकीचे हसलो, पण खरा अर्थ हसणाऱ्यांपैकीही कोणाला सांगता आला नाही.

हिंदीतला ‘द्रव्यमान’ मला जास्त पटतो. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात अगदी पहिली व्याख्या दिली आहे ती ‘द्रव्याच्या परिमाणाची’च. हिंदीवाल्यांनी तेच उचललं. गुजरातीत ‘दळ’ म्हणतात, बंगालीत ‘भर’. इंग्रजीतला ‘मास’ लॅटिन ‘मासा’वरून आलाय आणि त्याच्या मुळाशी ग्रीकांची सातूच्या पिठाची भाकरी आहे, म्हणजे मळलेल्या पिठाचा गोळा! (आपल्या सोनाराचा मासा वेगळा, आठ गुंजांचा.) त्यामुळे इंग्रजी ऐकणाऱ्याच्या मनात निदान एखादा गोळा तरी उभा राहतो. ‘वस्तुमान’ ऐकून डोळ्यांसमोर काही म्हणजे काही येत नाही. मुलांना हा शब्द जड जातो तो यामुळे.

आणि बघा, ‘जड जातो’ म्हटलं की आपण नकळत बरोबर जागी येऊन पोचतो.

‘जड’चा आज पहिला अर्थ ‘हलक्याच्या उलट’ असा घेतात. संस्कृतात मात्र जड म्हणजे सुस्त, बधिर, न हलणारं. जड आणि चेतन ही जोडी त्यातलीच. ‘जीभ जड झाली’, ‘डोळे जड झाले’, ‘पाऊल जड झालं’ यांत किलोचा संबंध नाही, हलेनासं होणं आहे. जे हलवायला त्रास होतो ते जड. पुस्तकातलं ‘जडत्व’ हेच सांगतं: वस्तू आहे त्या स्थितीत राहू पाहते, थांबलेली हलायला आणि चालती थांबायला कुरकुरते. ही कुरकूर किती, त्याचं माप म्हणजे वस्तुमान. आणि पृथ्वी त्या वस्तूला जितक्या जोराने खाली ओढते, ते वजन. ओढ म्हणजे बल, आणि बलाचं एकक न्यूटन, म्हणून वजन न्यूटनमध्ये. ३२ किलोच्या मुलाला पृथ्वी साधारण ३१४ न्यूटन इतकी ओढते.

हा फरक वाचून कळत नाही, अंगाला कळतो. माझ्या आजोळी ओटीवर शिसवी झोपाळा होता, पितळी कड्यांचा. दुपारी त्यावर आजोबा बसायचे आणि झोका द्यायचं काम आम्हा नातवंडांकडे. धाकटी बहीण बसली असेल तर एका हाताने झोपाळा सुटायचा. आजोबा बसले की पाय रोवून, दोन्ही तळवे फळीला लावून रेटा द्यावा लागे. आता गंमत पाहा. आजोबांना उचलत कोणीच नव्हतं. त्यांचं सगळं वजन चार कड्या आणि वरचं आढं पेलत होतं. माझ्या वाट्याला वजन आलंच नव्हतं. मग तळहाताला जे जड लागत होतं ते काय? तेच वस्तुमान. झोका चढल्यावर आजी आतून ‘पुरे रे, थांबवा’ म्हणाली की ते पुन्हा लागायचं, या वेळी उलट्या दिशेने. एकदा थांबवायला गेलो आणि फळीसकट अंगणात बसलो, ते आठवलं की आजही कोपर चोळतो.

हाच झोपाळा न्यूटनकडेही होता म्हणा ना! त्याने लाकडाच्या दोन सारख्या डब्या ११ फुटांच्या दोऱ्यांना टांगल्या. त्यांत आळीपाळीने सोनं, चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू भरून पाहिले, प्रत्येक वेळी दोन्हीकडे सारख्या वजनाचा माल. डब्या जोडीने झुलत राहिल्या, कोणी पुढे नाही की मागे नाही. म्हणजे सोनं असो वा गहू, ज्याला खाली ओढ जास्त त्याचा हलायला आळसही तितकाच जास्त. वजन आणि वस्तुमान गोष्टी दोन, पण एकीने दुप्पट व्हायचं तर दुसरीही दुप्पट होणार. असं का असावं याचं उत्तर न्यूटनपाशी नव्हतं. आइनस्टाइनने पुढे हेच धरून १९१५ चा व्यापक सापेक्षतेचा सिद्धांत उभा केला. तिकडे मी जात नाही, तो झोपाळा मला पेलणारा नाही.

पण आपल्या गोंधळाचं मूळ इथेच आहे. पृथ्वीच्या पाठीवर दोन्ही गोष्टी कायम जोडीने चालतात, तर माणसाने दोन शब्द करावेत कशाला? वाण्याला एक शब्द पुरला, सोनाराला पुरला, आणि तो ‘वजन’ होता.

वाण्याची जुनी तागडी आठवा. एका पारड्यात माप, दुसऱ्यात साखर. तागडी साखरेला पृथ्वी किती ओढते ते सांगतच नाही. मापाची आणि साखरेची ओढ सारखी आहे का, एवढंच सांगते. ‘तुलना’ हा शब्द तुलेवरून आलाय, तो उगीच नाही. हीच तागडी चंद्रावर नेली, जिथे ओढ इथल्या सहाव्या हिश्श्याएवढीच, तरी एक किलो साखर एक किलोच भरेल, कारण मापही तितकंच हलकं झालेलं असेल. म्हणजे तागडीवाला ‘वजन’ म्हणत म्हणत आयुष्यभर मोजत होता ते चोख वस्तुमान! ताणकाट्याचं तसं नाही. तो स्प्रिंग किती ताणली गेली ते दाखवतो, म्हणजे खरोखरची ओढ. विषुववृत्तावर जुळवलेला ताणकाटा ध्रुवावर नेला तर किलोमागे सुमारे ५ ग्रॅम जास्त दाखवेल. दुकानातला आजचा इलेक्ट्रॉनिक काटाही दाबच मोजतो आणि हिशेब करून किलोत सांगतो, म्हणून तो प्रमाणित मापं ठेवून जुळवावा लागतो.

पासंग राहिलाच. पारडी मुळातच खालीवर असतील तर हलक्या बाजूला खडा बांधायचे, तो पासंग. त्यातला ‘संग’ म्हणजे फारसीत दगड. ‘हा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ म्हणतो तेव्हा त्या खड्याइतकीसुद्धा लायकी नाही, असं म्हणत असतो.

वजन आणि वस्तुमान यांची फारकत पाहायची तर वर, अंतराळात जावं लागतं. १९८४ मध्ये राकेश शर्मा सल्यूत-७ या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर गेले, २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर. तरंगणारी माणसं पाहून आपण म्हणतो, ‘वर गुरुत्वाकर्षण नसतं.’ असतं की! ४०० किलोमीटरवर ते जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असतं. स्थानक आणि आतली माणसं मिळून पृथ्वीभोवती सतत पडत असतात, त्यामुळे कोणाचा दाब कोणावर पडत नाही, इतकंच. तिथे वजनकाट्यावर उभं राहिलात तर काटा शून्य दाखवणार. पण डॉक्टरांना तर अंतराळवीराच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचं असतं. मग काय करतात? स्प्रिंग लावलेल्या आसनावर त्याला बसवतात आणि मागेपुढे झुलवतात. एका झोक्याला किती वेळ लागला त्यावरून वस्तुमान काढतात. अमेरिकेच्या स्कायलॅब या अंतराळ स्थानकावर १९७३ मध्येच ही सोय होती. पुन्हा झोपाळाच! माणूस जितका जड, तितका झोका संथ. (आजोळच्या झोपाळ्याचं तसं नव्हतं. तिथे पृथ्वीच मागे ओढते, म्हणून आजोबा काय नि बहीण काय, झोक्याला वेळ जवळपास तोच.) आणि मग बातमी येते, ‘वजनरहित अवस्थेत अंतराळवीराचे वजन घटले’. या वाक्यावर हसण्याआधी ते मराठीत दुसरं कसं लिहाल ते सांगा. त्यातलं पहिलं वजन विज्ञानाचं, दुसरं वाण्याचं.

विज्ञानवाल्यांचाही गोंधळ होताच, हे कोणी सांगत नाही. किलोग्रॅमचं प्रमाण म्हणून पॅरिसजवळ प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा १८८९ मध्ये ठरला. त्यानंतर १९०१ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला मुद्दाम जाहीर करावं लागलं, की किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक आणि ‘वजन’ ही बलाच्या जातीची राशी. कारणही त्यांनीच दिलंय: व्यवहारात वजन हा शब्द कधी या अर्थाने, कधी त्या अर्थाने वापरतात, तो घोळ संपवायला हवा. घोळ काही संपला नाही. तो ठोकळाच निवृत्त झाला. २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीवरून ठरतो. आपला २००९ चा वैध मापन कायदाही किलोग्रॅमला वस्तुमानाचं एकक म्हणतो, तरी पुड्यावर ‘निव्वळ वजन’ आहे ते आहेच.

आता माझं मत, पटलं तर घ्या. परिभाषा करताना वाटणी उलटी झाली. ‘वजन’ हा बाजारातला, मोजमापाचा शब्द. क्रियापदं पाहा: वजन करतात, घेतात, वाढतं, घटतं, भरतं. ओढीसाठी, दाबासाठी मराठीत आधीपासून ‘भार’ होता: भार पडतो, येतो, टाकतात, सोसतात, पेलतात. भार नेहमी कोणावर तरी असतो, वजन आपलं आपल्याजवळ असतं. किलोला ‘वजन’ आणि न्यूटनला ‘भार’ म्हटलं असतं, तर घरातली भाषा आणि वर्गातली भाषा एका ओळीत आली असती, आणि ‘वस्तुमान’ हा चौथा मान जन्माला घालावा लागला नसता. झालं उलटंच. बाजारातला शब्द काढून बलाला दिला आणि किलोला नवा घडवून दिला. ‘अणुभार’ हा जुना शब्द चांगला रुळला होता, तोही हळूहळू ‘अणुवस्तुमान’ झाला.

माझी वाटणी अगदी चोख आहे असंही नाही. ‘त्याच्या शब्दाला वजन आहे’ इथे वजन दुसऱ्यावर पडतंच. आणि कचेरीत फायलीवर ‘वजन’ ठेवतात तेव्हा तर सगळं भौतिकशास्त्र कोलमडतं. एरवी वस्तुमान वाढलं की वस्तू हलायला जास्त कुरकुरते. फाईल मात्र वजन ठेवल्याशिवाय हलत नाही.

तर ताई, अर्धा गुण गेला तो विज्ञानाच्या पेपरात गेला, तिथे बाईंचं बरोबर आहे. तिथे ‘माझे वस्तुमान ३२ किलोग्रॅम’ असंच लिहायचं. पुड्यावरचं आणि सिस्टरचं वजनही चूक नाही, ते त्या शब्दाच्या जुन्या, पहिल्या अर्थाने आहे. मुलाला झोपाळ्यावर, नसेल तर बागेतल्या झोक्यावर न्या. आधी त्याला रिकामा झोका ढकलू द्या, मग तुम्ही बसा आणि पुन्हा ढकलायला सांगा. थांबवायला सांगताना जरा जपून. आणि उद्या मराठीच्या पेपरात, निबंधात ‘माझे वजन ३२ किलो’ लिहिलं म्हणून कोणी गुण कापला, तर मात्र जरूर भांडायला जा.