दीड लाखाची एफडी करू की संडास बांधू?

यावल तालुक्यातले एक शिक्षक विचारतात: आई ७४ वर्षांची. रात्री मागच्या अंगणातल्या संडासाकडे जाताना पाय घसरला, खुब्याचं ऑपरेशन करावं लागलं. आता वॉकर धरून चालते. हाताशी दीड लाख आहेत. दाजी म्हणतात, पुढच्या दवाखान्यासाठी एफडी करून ठेवा. बायको म्हणते, आधी संडासाचं बघा. काय करू?

सर, वहिनींचं ऐका.

दीड लाखावर ७ टक्के धरले तरी वर्षाला साडेदहा हजार व्याज. तेवढ्यासाठी पैसा अडकवायचा? सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न कितीही असलं तरी सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, जुन्या दुखण्यासाठी थांबायची अट नाही. जळगाव-भुसावळचा कोणता दवाखाना ते घेतो, तिथे हाडाचं ऑपरेशन होतं का, हे आत्ताच विचारून ठेवा. पण कार्ड चालतं ते भरती झाल्यावर. आईंच्या देखभालीला ठेवलेली बाई, तुमच्या बिनपगारी रजा, हे सगळं खिशातूनच जातं. आणि एकदा हाड मोडलं की पुन्हा मोडण्याचा धोका पहिल्या एक-दोन वर्षांतच जास्त असतो. म्हणून खर्च आता करायचा.

खाटेपासून संडासापर्यंत आईंच्या मागे एकदा रात्री चालून बघा. उंबरठा, ओली शहाबादी, अंधार, सैल स्लिपर, सगळं तिथेच सापडेल. जमलं तर संडास घरालगत घ्या, कमोडचा. धरून उठायची दांडी स्टीलची, बोल्टने पक्की बसवलेली हवी. टॉवेलच्या दांडीला धरून माणूस उठला की दांडीसकट खाली येतो. धाब्याच्या घराची मातीची भिंत बोल्ट धरत नाही, तिथे पाइप जमिनीत काँक्रीटमध्ये गाडायला सांगा. दिवा बॅटरीवर चालणारा, लाइट जातेच. वॉकरचे रबरी बूच झिजले की बदला.

थोडे पैसे औषधाला ठेवा. हाडं ठिसूळ झालीत का, हे डॉक्टरांना तुम्हीच विचारा. त्यावर वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं इंजेक्शनही असतं. झोपेची गोळी चालू असेल तर तीही दाखवा.

मिस्त्रीकडून लेखी अंदाज घ्या. उरेल त्या रकमेच्या दोन वेगळ्या एफडी करा, म्हणजे गरजेला एक मोडली तरी दुसरीचं व्याज शाबूत राहील. दाजींचाही मान राहील.