वाचक विचारतात : जड लेन्स, दुखरी मान

प्रश्न : पक्ष्यांचे फोटो काढायची हौस जुनी आहे. इतके दिवस १५०-६०० एमएमची झूम लेन्स वापरत होतो. अलीकडे कॅननच्या ६०० एमएम एफ/४ (भरपूर उजेड आत घेणाऱ्या) लेन्सची दुसरी आवृत्ती सेकंडहँड मिळाली. फोटो बघून जीव हरखतो, पण तासभर चाललं की मान धरते आणि डावं मनगट ठणकायला लागतं. कधी पट्ट्याने गळ्यात अडकवतो, कधी हातात धरतो, कधी ट्रायपॉडसकट खांद्यावर टाकतो. पट्ट्यांचे तर शेकड्याने प्रकार दिसतात. ताई, नेमका कोणता पट्टा घेऊ?
— एक पक्षीवेडा

उत्तर : पट्ट्याकडे येते, जरा दम धरा. तुमची लेन्स ३.९२ किलोची आहे. कॅमेऱ्याची बॉडी, बॅटरी, ट्रायपॉडवर बसवायची प्लेट धरून पावणेपाच किलोच्या आसपास. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं आणि ते तोलण्यात मान आधीच गुंतलेली असते. गळ्यात ही लेन्स अडकवली म्हणजे मानेला आणखी एक डोकं दिलं, तेही छातीपुढे लोंबणारं. कितीही मऊ पट्टा आणा, मानेवर वळ उठायचे थांबतील, भार तेवढाच राहील.

पण मला खटकलं ते वेगळंच. गळ्यात, हातात, खांद्यावर असं तुम्ही तीन प्रकारे लिहिलंय आणि तिन्हींत लेन्स बाहेरच आहे. का? तर वाटेत एखादा पक्षी उडालाच तर! हे ‘तर’ आपल्या सगळ्यांच्या मानगुटीवर बसलेलं असतं. ६०० एमएमला फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जेमतेम ४ अंशांचं दृश्य मिळतं. चालून धाप लागलेली, पायाखालची जमीन उंचसखल, अशात पायाजवळून उडालेला पक्षी त्या चार अंशांत पकडायचा. सापडला तरी बहुधा पाठमोरा. एवढ्यासाठी पावणेपाच किलो वाटभर हातात धरायला मी तयार नाही. चालायचं तेव्हा लेन्स सॅकमध्ये, थांबायचं ठरलं की बाहेर. हाताशी काही हवंच असेल तर दुर्बीण ठेवा. पक्षी आधी तिनेच सापडतो.

आता सॅक. कॅमेऱ्यासाठी म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच बॅगांना कमरेला एक बोटभर रुंदीची पट्टी असते. ती बॅग हलू नये म्हणून असते, वजन घ्यायला नव्हे. वजन घ्यायचं तर कमरपट्टा रुंद, जाड आणि थोडा ताठ हवा, आणि तो बसला पाहिजे कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर. पोटावर बसला तर श्वास अडतो, खाली सरकला तर मांडी उचलताना टोचतो. मी उंचीने बेताची आहे. मोठ्या लेन्सच्या तयार बॅगांचा कमरपट्टा माझ्या कमरेखालीच येतो. म्हणून मी पाठीची लांबी कमीजास्त करता येणारी ट्रेकिंगची सॅक वापरते आणि आत कॅमेऱ्याचा गादीचा कप्पा बसवते. चेन मात्र पाठीच्या किंवा पुढच्या बाजूने पूर्ण उघडणारी हवी. तुमची लेन्स ४४८ मिलिमीटर लांब, बॉडी लावली की अर्धा मीटर ओलांडते. वरच्या तोंडातून ती उपसत बसलात तर पक्षी काय, संध्याकाळसुद्धा निघून जाईल.

पाठीची लांबी मोजायची ती अशी : मान खाली वाकवली की तिच्या तळाशी एक मोठं हाड हाताला लागतं. तिथून कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या टोकांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेप धरायला कुणाला तरी सांगा. तुमची उंची किती याला इथे फारसा अर्थ नाही; सारख्या उंचीच्या दोघांची पाठ चांगलीच वेगळी निघू शकते.

लेन्स आत ठेवताना हूड (लेन्सच्या तोंडावरची नळी) उलटं बसवा, तोंड खाली, बॉडी वर. चेन उघडली की हात थेट ग्रिपवर पडतो. बाहेर काढताना मात्र लेन्सच्या पायाला (ट्रायपॉडवर बसवायच्या दांडीला) धरूनच उचला, बॉडीला धरून नाही. कप्प्याखाली जाकीट कोंबून लेन्स थोडी उंचावर घेतली की वजन पाठीच्या मधोमध, मणक्याला चिकटून राहतं. ट्रायपॉड सॅकच्या मागे टांगला तर तो तुम्हाला मागे खेचतो आणि तोल सावरायला तुम्ही पुढे वाकता, म्हणजे पुन्हा मानच कामाला लागते. तो बाजूला बांधा, दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली.

सॅक चढवणं हेही नीट करण्याचं काम आहे. आधी सगळे बंद सैल करा. एक पाय पुढे घेऊन गुडघा वाकवा, सॅक दोन्ही हातांनी उचलून मांडीवर टेकवा, एक हात बंदातून घाला, मग अंग वळवून ती पाठीवर घ्या आणि दुसरा हात घाला. जमिनीवरून उचलून एका झटक्यात पाठीवर भिरकावणारे लोक मी बघते तेव्हा माझीच कंबर दुखते. पाठीवर आली की खांदे किंचित उचला, कमरपट्टा हाडावर ठेवून आवळा, मग खांदे सोडा. त्यानंतर खांद्याचे बंद, तेही नुसते अंगाला टेकण्यापुरते. खांद्याच्या वर सॅककडे जाणाऱ्या दोन छोट्या पट्ट्या असतात, त्या जरा ओढल्या की सॅक पाठीकडे येते. छातीवरची पट्टी सर्वांत शेवटी. जमलं की नाही ते बघायला खांद्याचे बंद थोडे ढिले करून पाहा. वजन कमरेवर तसंच राहिलं तर जमलं. सॅक खाली घसरली तर कमरपट्टा पुन्हा बांधा.

ट्रायपॉडसकट खांद्यावर टाकण्याबद्दल. एका जागेवरून पन्नास-शंभर पावलांवरच्या दुसऱ्या जागेवर जायचं असेल तर मीही तसंच करते. पण हिशेब बघा : पावणेपाच किलो लेन्स आणि बॉडी, गिंबल (जड लेन्स तोलून फिरवणारं ट्रायपॉडवरचं हेड) दीड किलोच्या आसपास, ट्रायपॉड दोन किलो. सव्वाआठ किलो एका खांद्यावर, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त तुमच्या पाठीमागे, जिथे डोळे नाहीत. फांदीत हूड अडकलं की झटका थेट माउंटला (लेन्स आणि बॉडी जोडणाऱ्या कड्याला) बसतो. तेव्हा गिंबलच्या दोन्ही चाव्या घट्ट करा, पायांवर खांद्याच्या जागी फोमची नळी चढवा आणि लेन्सच्या पट्ट्याची कडी ते ट्रायपॉडची मान असा एक आखूड दोर बांधा. प्लेटची पकड खटक्याची असेल तर जास्त जपा. झुडपात खटका उघडू शकतो. मी फिरकीची पकड वापरते. दोन सेकंद जास्त लागतात, ते मला चालतात.

मनगटाचं दुखणं हात चुकीच्या जागी असल्यामुळे असावं असा माझा अंदाज आहे. तुमच्या लेन्सच्या पिढीत वजन तोंडाकडे जास्त असतं. झूम वापरणाऱ्याला डावा हात बॉडीजवळ ठेवायची सवय असते. तसा ठेवला की पुढचा सगळा भार मनगटावर तरफेसारखा येतो. हात पुढे न्या. लेन्स तळहातावर टेकवून बघा, कुठे ती पुढेही झुकत नाही आणि मागेही नाही. तोच बिंदू. तिथे रंगीत टेपचा तुकडा लावून टाका म्हणजे अंधुक प्रकाशातही हात बरोबर जाईल. तळहात वर, कोपर बरगडीला टेकलेलं. टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मधे लावायचं, चित्र मोठं करणारं भिंग) लावला की हा बिंदू मागे सरकतो, हेही लक्षात असू द्या. आणि डोळ्याला लावून वाट बघत उभं राहू नका. पक्ष्याने मान वळवायची वाट लेन्स खाली ठेवूनच बघायची.

थांबून वाट बघायची असेल तिथे मोनोपॉड, म्हणजे एकपायी आधार. अर्ध्या किलोच्या आसपासची ही काठी पावणेपाच किलो जमिनीवर देते. त्यावरचं हेड एकाच दिशेला, वर-खाली झुकणारं पुरतं. सगळीकडे फिरणारं बॉल हेड लावलंत तर लेन्स बाजूला कोसळेल. बसून किंवा भिंतीआडून काम असेल तर बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची भरीव पिशवी. रिकामी न्या आणि जागेवर पोचल्यावर भरा, नाहीतर वजन कमी करायला निघालेला माणूस वाळूची पिशवी वाहत बसेल.

एवढं सगळं झाल्यावर उरलेल्या वाटेपुरता पट्टा. तो लेन्सच्याच कड्यांना लावा आणि उलट्या खांद्यावरून तिरका घ्या. ताणणाऱ्या, नीओप्रीनच्या (रबरी कापडाच्या) पट्ट्यांचं खूप कौतुक होतं. हातात घेऊन बघताना ते हलकेही वाटतात. पण पावलागणिक लेन्स वर-खाली हिंदकळते आणि तिला थांबवायला तुम्ही हात लावता, म्हणजे भार पुन्हा हातावर. दीड-दोन किलोपर्यंत ठीक, तुमच्या लेन्सला मी न ताणणारा, रुंद पट्टाच सांगेन. लेन्सच्या पायात स्क्रू घालून लेन्स उलटी लटकवणारी स्लिंगही मिळते. चालायला ती सुखाची आहे, पण झुलून झुलून स्क्रू सैल होतो. दर थांब्यावर बोटाने तपासायचा आणि दुसरी सुरक्षा दोरी ठेवायचीच. दोन खांद्यांवर भार वाटणारं हार्नेस झूमसाठी छान. ६०० एफ/४ त्यात गुडघ्यांवर आपटते.

प्रश्न : माझ्याकडे एफ/४ ची जुनी ६०० आहे, पाच किलोच्या वर. वय साठीकडे झुकलंय. विकून हलकी घ्यावी का?

उत्तर : तुम्ही फोटो कोणत्या उजेडात काढता त्यावर हे ठरेल. ६०० एफ/४ च्या पुढच्या काचेला १५० मिलिमीटर व्यासाचा उजेड आत घ्यावा लागतो. ६०० भागिले ४. एफ/६.३ असेल तर ९५ मिलिमीटर पुरतात. वजनाचं मूळ तिथे आहे. निकॉनची ६०० एमएम एफ/६.३ पीएफ (फेज फ्रेनेल हे हलकं भिंग असलेली) लेन्स पाय काढून १,३९० ग्रॅम भरते. त्या बदल्यात तुम्ही सव्वा स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) थोडा जास्त उजेड गमावता आणि मागची झाडी तितकी विरघळत नाही. कॅननची आरएफ ८०० एमएम १,२६० ग्रॅमचीच आहे, पण ती एफ/११ ला बांधलेली, छिद्र लहानमोठं होतच नाही. भर उन्हात मजा येते, पहाटे नाही.

मधला रस्ताही आहे. एफ/४ च्याच जातीने मधल्या काळात खूप वजन उतरवलंय. कॅननची पहिली आयएस (हाताचा थरकाप आवरणारी) आवृत्ती ५.३६ किलोची होती, २०१८ मध्ये जाहीर झालेली तिसरी ३.०५ किलोची. सोनीची ६०० एफ/४ ३.०४ किलो. काटा जेवढं सांगतो त्याहून फरक मोठा वाटतो, कारण या नव्या लेन्समध्ये जड काचा तोंडाकडून मागे सरकवल्या आहेत आणि मनगटावरची तरफ आखूड झाली आहे. म्हणून विकत घ्यायच्या आधी कुणाची तरी लेन्स हातात धरून बघा, नुसते ग्रॅम वाचू नका. माझं मत विचाराल तर, पहाटे-संध्याकाळच्या अंधुक उजेडात काम करणारे नसाल तर एफ/६.३ घ्या आणि वाचलेल्या ताकदीत अर्धा तास जास्त चाला.

प्रश्न : १५०-६०० झूम लावलेला कॅमेरा मी कॅमेऱ्याच्याच पट्ट्याने अडकवते. माउंट वाकेल का?

उत्तर : नुसतं लटकवून धातूचं माउंट लगेच वाकणार नाही. भीती धक्क्याची आहे : उंचवट्यावरून उडी, गाडीतून उतरताना दाराला आपटणं. लेन्स बॉडीपेक्षा जड असली की लेन्सला धरायचं आणि बॉडीला तिच्यामागे येऊ द्यायचं, इतकं सोपं आहे. तुमच्या झूमला कॉलर (ट्रायपॉडचा पाय असलेलं कडं) आहे, पट्टा तिथे लावा. आणि कोणती १५०-६०० ते लिहिलं नाहीत. सिग्माच्याच डीएसएलआरसाठीच्या दोन आहेत, एक १,९३० ग्रॅमची आणि दुसरी, स्पोर्ट, २,८६० ग्रॅमची. जवळजवळ एक किलोचा फरक. दुसरी असेल तर वरच्या पहिल्या पत्राचं उत्तर तुमच्यासाठीही आहे.

प्रश्न : सॅक घेऊन फिरून आलं की उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात. सॅक बदलू का?

उत्तर : आधी डॉक्टरांना दाखवा. मुंग्या हा मज्जातंतूवर दाब येत असल्याचा इशारा असू शकतो आणि तो मानेत आहे, खांद्यात की मनगटात, हे तपासल्याशिवाय कळत नाही. तोवर खांद्याचा बंद काखेत रुततोय का ते आरशासमोर बघा, छातीवरची पट्टी दोन बोटं वर घ्या, आणि मोठी लेन्स थोडे दिवस घरीच राहू द्या.